बिननावाचं लेकरू टेबलावर येणार नाही

डॉ. विशाखा सोनसळे यांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये झाली. मी भूलतज्ज्ञ. सकाळपासून हाडांची ऑपरेशनं उरकून नुकताच पोह्यांच्या बशीपुढे बसलो होतो. समोरच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या. सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात वर्तमानपत्राची पुडी. कुणा पेशंटच्या नातेवाईक असाव्यात आणि आता बिलाबद्दल तक्रार करणार, अशा समजुतीने मी बशी जरा जवळ ओढून घेतली.

"तीन किलोच्या बाळाला भूल देता का?" त्यांनी विचारलं.

"देतो."

"हृदय थांबवलेलं असताना?"

"नाही."

"शिकाल?"

मी औशाचा. आमच्याकडे माणूस नाही म्हणायच्या आधी निदान चहा मागवतो. चहा येईपर्यंत बाईंनी पुडी सोडली, तिच्यातले भाजके शेंगदाणे न विचारता माझ्या पोह्यांवर घातले आणि लहान बाळांच्या हृदयाबद्दल बोलायला सुरुवात केली. चहा संपला तेव्हा मी हो म्हणून बसलो होतो. कशाला हो म्हणालो, हे मला पुढची बरीच वर्षं हळूहळू कळत गेलं.

मॅडम मूळच्या बिलोलीच्या. वडील प्राथमिक शिक्षक. घर बौद्ध, आणि घरात शिक्षणाला असा मान की पाहुणा आला तरी पोरांचा अभ्यास मोडायचा नाही. वैद्यकीय शिक्षण झाल्यावर मॅडम मोठ्या शहरात गेल्या, तान्ह्या बाळांच्या जन्मजात हृदयदोषांची शस्त्रक्रिया शिकल्या आणि तिथेच नावारूपाला आल्या. तिथे त्यांच्या टेबलावर येणाऱ्या बाळांच्या आया बोलू लागल्या की मॅडमना कळायचं, ही देगलूरची, ही निलंग्याची, ही किनवटकडची. इतक्या लांब पोचलेल्या आया दिसत होत्या. न पोचलेल्या दिसत नव्हत्या, आणि मॅडमना झोप लागेना ती त्यांच्यामुळे. म्हणून मांडलेला संसार आवरावा तशी तिथली नोकरी आवरून त्या लातूरला आल्या.

इथे दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींनी त्यांचं स्वागत केलं, हार घातला आणि हे काम इथे का होणार नाही याची कारणं सांगितली. इथे तशा नर्स नाहीत. वेळेला रक्त मिळत नाही. पुण्या-हैदराबादला सोय असताना इथे कोण येणार? मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आधी नर्स तयार करू."

त्या तयारीची गंमत सांगायलाच हवी. मॅडमनी गंजगोलाईच्या बाजारातून एक रबरी बाहुली आणली. ती टेबलावर ठेवायची आणि खरं ऑपरेशन असल्यासारखं सगळं करायचं. मी भूल द्यायची, पंपवाल्याने हृदय थांबल्यावर रक्त फिरवणारा पंप जोडायचा, सिस्टरनी हत्यारं द्यायची, आणि मध्येच मॅडम सांगणार, "वीज गेली. आता काय कराल?" त्या बाहुलीला मी इतक्या वेळा भूल दिली की खरी असती तर तिने माझ्यावर केस केली असती. लोक हसायचे. मॅडम हसत नव्हत्या. सगळ्यांचे हात न बोलता चालायला लागले तेव्हाच त्यांनी पहिलं खरं मूल घेतलं, तेही चांगलं थोराड, साधं छिद्र असलेलं. मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. तान्ह्या बाळापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. घाई करा म्हणून वरून निरोप यायचे. मॅडम म्हणायच्या, "घाई बाळाला आहे, मला माहीत आहे. म्हणूनच मी चुकणार नाही."

आता त्यांच्या एका नियमाबद्दल. आमच्याकडे बाळ आजारी असलं की बारसं लांबतं. दवाखान्याच्या कागदावर मग आईचंच नाव लागतं, अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. एकदा आमच्या आयसीयूत दोन अनितांची दोन बाळं शेजारी शेजारी होती आणि एकीचा रक्ताचा रिपोर्ट दुसरीच्या फायलीत गेला. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं, काही बिघडलं नाही. पण मॅडमनी त्याच दुपारी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "यापुढं बिननावाचं लेकरू माझ्या टेबलावर येणार नाही."

नियम झाला, मग त्याची रीतही पडली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बारसं. पाळणा नाही, आयसीयूचीच खाट. आत्या जवळ असली तर तिला गाऊन घालून आत घ्यायचं. घुगऱ्या कँटीनवाला शिजवतो. घुगऱ्यांचा वास सुटला की उद्या एका बाळाची छाती उघडायची आहे हे सफाईवाल्या मावशींपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना समजतं. मी एकदा मॅडमना म्हणालो, रिपोर्टच्या गोंधळावर हातात पट्टी बांधणं पुरेसं होतं, एवढा सोहळा कशाला? मॅडम म्हणाल्या, "पट्टी तर बांधतोच. घुगऱ्या खा."

या नियमाची खरी परीक्षा झाली ती इस्लापूरच्या बाळाच्या वेळी.

मॅडम ठरावीक दिवशी नांदेडला बाळं तपासायला जातात. मीही बरोबर असतो, कारण गाडी मॅडमनी चालवू नये असं आमच्या सगळ्यांचं मत आहे. तिथे एका दुपारी कविता नावाची बाळंतीण आली, ओली बाळंतीण, उभं राहवत नव्हतं तिला. बरोबर नवरा किसन आणि सासू गयाबाई. शेती करणारी माणसं. टॉवेलात गुंडाळलेली मुलगी होती, आणि तिचे ओठ, नखं जांभळासारखी.

हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात, एक शरीराकडे जाते आणि एक फुप्फुसांकडे. या मुलीच्या त्या वाहिन्या अदलाबदल झालेल्या होत्या. चांगलं रक्त फुप्फुसातच फेऱ्या मारत होतं आणि अशुद्ध रक्त अंगभर फिरत होतं. जन्मापूर्वीची एक छोटी वाट औषधाने उघडी ठेवून अशा बाळाला काही दिवस तगवता येतं. पण पहिल्या काही आठवड्यांत त्या वाहिन्या कापून जागच्या जागी जोडल्या नाहीत तर हृदयाचा डावा कप्पा दुबळा पडत जातो आणि मग ऑपरेशन करूनही उपयोग होत नाही. कविताच्या मुलीचे ते दिवस संपत आले होते. मॅडमनी औषधाची धार सुरू केली आणि ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः बाळापाशी बसून तिला लातूरला आणलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारशाची वेळ झाली. गयाबाई म्हणाल्या, "नाव न्हाई ठिवायचं."

सिस्टरनी समजावलं, मी समजावलं. गयाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी मॅडम आल्या आणि खाली फरशीवर त्यांच्या शेजारी बसल्या. मग गयाबाईच म्हणाल्या, "आदीच्या दोघांची नावं ठिवली होती बाई. लई हौसंनं. पाळना सजवला, गाव जेवू घातलं. दोगंबी गेले. नाव ठिवलं की जीव गुतते. नाव ठिवलं की त्याला बी कळते, या घरात लेकरू हाय म्हणून."

'त्याला' म्हणजे कोणाला, हे कोणी विचारलं नाही.

"नावाबिगर मी ऑपरेशन करत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या.

मी मॅडमना बाजूला घेऊन म्हणालो, "मॅडम, ही जबरदस्ती आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "आहे. बालाजीराव, ही बाई नातीला आत्ताच मातीत ठेवून बसली आहे. उद्या छाती उघडी ठेवायची वेळ आली, आठ-पंधरा दिवस इथं काढायचे आले, तर किसनला कोण धीर देणार? ही म्हणाली घरी चला, तर तो उठून घरी निघेल. मला ही बाई आमच्या बाजूला पाहिजे."

त्या परत जाऊन बसल्या. गयाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ठिवायचंच आसल तर वंगाळ नाव ठिवते. दगडाबाई. दगडाला कोन न्हेते?"

आमच्या भागात ही जुनी रीत आहे. पोरं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू असलं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे न्यायला येणारा नाक मुरडून पुढे जातो. मला वाटलं, मॅडम आता भडकणार. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून असल्या समजुतींना उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. दृष्ट, अंगारा, गंडादोरा यांवर मॅडमनी पालकांना दिलेली भाषणं मी स्वतः ऐकली आहेत आणि ती छोटी नसतात. पण त्या लगेच म्हणाल्या, "चालेल. आत्या कुठाय?"

आत्या मंगल इस्लापूरला होती, तिची रेंज जात-येत होती. मग मोबाईल धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, त्यावर निर्जंतुक हातमोजा चढवला आणि सिस्टरनी तो बाळाच्या कानाशी धरला. तिकडून मंगलने जोरात 'कुर्रर्र' केलं. बाळ दचकलं, मॉनिटरवर नाडी वाढली आणि मी मॉनिटरकडे धावलो. "दगडाबाई गं बाई," मंगल ओरडली, आणि रडायला लागली. आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे घालायला आत्याच नव्हती, ते फोन धरणाऱ्या सिस्टरनी खाल्ले. कविता बसल्या जागी हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गयाबाईंनी मात्र ते नाव उच्चारलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या.

सकाळी ऑपरेशन सुरू झालं. दोन्ही वाहिन्या कापून अदलाबदल करणं हे त्यातलं सोपं काम. अवघड आहे ते हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या शेवईएवढ्या दोन नळ्या उचलून नव्या जागी लावणं. मॅडमनी त्या लावल्या. हृदय सुरू केलं. पण त्याचा एक कोपरा काळपट राहिला आणि नीट हलेना. रक्तदाब चढेना. औषधं वाढवली तेव्हा कसाबसा टिकला.

मॅडम ऑपरेशन टेबलावर कधीही 'पेशंट' म्हणत नाहीत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बालाजीराव, दगडाबाई काय म्हणते?"

"दमली आहे," मी म्हणालो. "पण आहे."

इथे दोन वाटा होत्या. एक, औषधांवर भरोसा ठेवून छाती बंद करायची आणि आशा करायची. दुसरी, एवढ्याशा जिवाला परत पंपावर घ्यायचं, हृदय परत थांबवायचं आणि ती नळी उसवून पुन्हा शिवायची. दुसरी वाट खरोखरच धोक्याची होती, आणि ती घेऊन बाळ गेलं असतं तर सगळ्यांनी बोट दाखवलं असतं मॅडमकडे. पहिली घेऊन गेलं असतं तर कोणी काहीच म्हणालं नसतं. मॅडमनी ती नळी चिमट्याने किंचित उचलून पाहिली. उचलली की कोपरा लाल व्हायचा, सोडली की पुन्हा काळपट.

"पिळा पडलाय," त्या म्हणाल्या. "माझा टाका आहे, मीच उसवते. परत पंपावर."

त्या रबरी बाहुलीवर आम्ही हेसुद्धा केलेलं होतं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. मॅडमनी ती नळी सोडवली, जरा वरच्या बाजूला नवी जागा केली आणि पुन्हा शिवली, पहिल्या वेळेइतक्याच सावकाश. हृदय दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा सगळंच्या सगळं लाल होतं. मी रक्तदाब सांगितला. मग कोणी न विचारताच परत एकदा सांगितला.

छाती लगेच बंद करता आली नाही, सुजेमुळे उघडीच ठेवून वर पातळ पडदा शिवला. मॅडम टोपी काढून बाहेर गेल्या, मी मागोमाग. किसन भिंतीला टेकून होता. मॅडमनी काहीच लपवलं नाही. दोनदा पंपावर घ्यावं लागलं, छाती उघडी आहे, काही दिवस आपल्याला इथेच नेट धरायचा आहे, असं सांगितलं. किसनने आईकडे पाहिलं. गयाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दगडी जागी हाय का निजली?"

मॅडम म्हणाल्या, "निजली आहे, आजी. बालाजीरावांनी निजवली आहे."

"मंग बसू," असं म्हणून गयाबाई परत खाली बसल्या. छाती बंद झाली, श्वासाची नळी निघाली, मुलगी अंगावर प्यायला लागली, तोवर त्या तिथून हलल्या नाहीत. मधल्या एका वाईट दिवशी किसन घरी परतायला गाडी बघायला निघाला होता. त्याला त्यांनीच हाताला धरून खाली बसवलं.

कविता कुठे झोपायची तेही सांगतो. आयसीयूला लागून एक खोली आहे, बाळंतिणींसाठी. खाटा, गरम पाणी, शिरा, डिंकाचे लाडू. पूर्वी या आया व्हरांड्यात सतरंजीवर पडायच्या. मध्यंतरी ट्रस्टला ती खोली बड्या लोकांसाठी हवी होती. मॅडमनी भांडण केलं नाही. स्वतःच्या केबिनमधलं टेबल-खुर्ची व्हरांड्यात काढली, केबिनमध्ये खाटा टाकल्या आणि अध्यक्षांना निरोप पाठवला की बाळंतिणींची सोय झाली आहे, खोली घेऊन टाका. येणारे-जाणारे व्हरांड्यात बसलेल्या हार्ट सर्जनला बघून काय झालं विचारू लागले. आठवड्याच्या आत खोली परत मिळाली.

दगडाबाई आता शाळेत जाते. या वर्षी तपासणीला आली तेव्हा गयाबाईही आल्या होत्या. आता चांगलंसं नाव ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं आहे. भीती गेली म्हणतात. पण मुलगी ऐकत नाही. "माजं नाव दगडाबाई हाय," असं तिने मलाही खडसावून सांगितलं. मॅडमनी तिचा इको केला, दोनदा शिवलेली ती नळी पडद्यावर बराच वेळ पाहिली आणि बोट ठेवून मलाही दाखवली.

मी गयाबाईंना सांगितलं की मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्यावर पुस्तक निघतंय, त्यात मी लिहिणार आहे. गयाबाईंनी मला जवळ बोलावलं. "डाक्टर, लई गोड गोड लिवू नका. मानसाला दिष्ट लागती. वंगाळ बी लिवा काई."

माझा यावर विश्वास नाही. मॅडमचा तर मुळीच नाही. पण गयाबाईंचा शब्द मोडण्याची माझी हिंमत नाही, म्हणून लिहितो. मॅडम गाडी भयंकर चालवतात. रस्त्यावरचा गतिरोधक त्यांना तो ओलांडून झाल्यावर दिसतो. त्या करतात त्याला त्या चहा म्हणतात, बाकी कोणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या ताटात विचारल्याशिवाय शेंगदाणे घालतात. फोनवर आपलं बोलणं संपलं की ठेवून देतात, समोरच्याचं संपलं की नाही हे बघत नाहीत. उशीर करणाऱ्याला असं बोलतात की तो दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बसतो. मोठ्या माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. अध्यक्षांना त्यांनी भर सभेत त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली आहे. बाळाचं नाव मात्र त्या एकदा ऐकलं की विसरत नाहीत. आणि त्यांना सांगितलेलं ऐकायची सवय नाही. साठीनंतर जरा कमी काम करा, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी फोन ठेवला. मी समोरच बसलो होतो.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, गयाबाई शेवटपर्यंत तयार झाल्या नसत्या तर तुम्ही खरंच ऑपरेशन थांबवलं असतं का? मॅडम म्हणाल्या, "वेडे आहात का? मी नाव ठेवलं असतं. मीच आत्या झाले असते."

या बाईंनी आम्हाला शिकवलं, आमच्यावर ओरडल्या, आम्हाला सांभाळलं. माझं त्यांच्यावर फार प्रेम आहे. हे तोंडावर सांगायची सोय नाही, म्हणून छापून सांगतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आज जी पोरं धावताहेत, भांडताहेत, शाळेला दांडी मारताहेत, त्यांच्यासाठी आणि जी अजून जन्मायची आहेत त्यांच्यासाठी मॅडम आम्हाला खूप वर्षं हव्या आहेत. ठणठणीत हव्या आहेत, अशाच हट्टी हव्या आहेत. शुभेच्छा द्यायच्या तर गयाबाईंच्या रीतीनेच द्याव्यात, असं आम्हा सगळ्यांचं ठरलं आहे. भूल देणारे, पंप चालवणारे, सिस्टर, सफाईच्या मावशी, कँटीनवाला, सगळ्यांनी मिळून मॅडमचं नाव दगडाबाई ठेवलं आहे. फोन धरणाऱ्या सिस्टरनी त्यांच्या कानाशी 'कुर्रर्र' करण्याची जबाबदारी घेतली आहे. कोणी कधी न्यायला आलंच, तर त्याला आम्ही व्हरांड्यातूनच सांगू की विशाखा सोनसळे नावाचं इथे कोणी नाही, आमच्याकडे फक्त एक दगडाबाई आहेत, आणि त्या आत टेबलापाशी उभ्या आहेत, त्यांना आता वेळ नाही.

उद्या सकाळी बिलोलीचं एक बाळ आहे. कँटीनमधून घुगऱ्यांचा वास यायला लागला आहे, म्हणून इथेच थांबतो.